पुनर्विकासात झाडे तोडण्याची परवानगी: अर्ज नेमका कुठे अडतो आणि कामाचा क्रम काय असावा

"प्लॅन फायनल झाला, आता झाडांचं तेवढं बघून घ्या." सोसायट्यांच्या आवारातली झाडे मोजून त्यांची फाईल तयार करून देण्याचे काम मी पुण्यात करतो. दहापैकी आठ फोन याच वाक्याने सुरू होतात आणि त्या फायली पुढे कुठे अडणार हे मला तेव्हाच कळते. प्लॅन फायनल झालेला असतो म्हणजे तळघराची रेघ प्लॉटच्या कडेपर्यंत गेलेली असते, आणि त्या रेघेत कोणते झाड येते हे कोणीही बघितलेले नसते.

हा लेख महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीतल्या घरबांधणीसाठी आहे. तिथे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. या कायद्यात २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तुमच्या वास्तुविशारदाकडे त्याआधीचा जुना नमुना अर्ज असेल तर तो बाजूला ठेवा. प्लॉट पालिकेच्या हद्दीबाहेर गावात असेल तर वाट वेगळी आहे: तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, चिंच, हिरडा, मोह अशी झाडे आहेत. हद्दीची खात्री आधी करून घ्या. नव्याने समाविष्ट झालेल्या गावांत दोन्ही कार्यालयांच्या खेपा घालणारे लोक मी पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या कायद्यात 'झाड तोडणे' म्हणजे फक्त कुऱ्हाड किंवा करवत चालवणे नव्हे. झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे यांचाही त्यात समावेश होतो. बुंध्याची साल गोलाकार सोलणे, मुळाशी केमिकल ओतणे, "जेसीबीचा धक्का लागला हो" हे सगळे त्यात येते, आणि प्रकरण फौजदारी आहे.

१. आधी झाडे मोजा, मग इमारत काढा

पूर्ण आवार फिरून प्रत्येक झाडाला एक क्रमांक द्या. हा क्रमांक या सगळ्या प्रक्रियेचा कणा आहे. झाडावर, यादीत, नकाशात, नोटिशीत, परवानगीच्या आदेशात आणि शेवटी लागवडीच्या नोंदीत एकच क्रमांक हवा. पालिकेच्या वृक्षगणनेचा क्रमांक बुंध्यावर असेल तर यादीत त्यासाठी वेगळा रकाना ठेवा. त्यावर रंग मारू नका.

क्रमांक खडूने लिहू नका. माझ्या पहिल्या-दुसऱ्याच कामात मी जूनच्या पहिल्या आठवड्यात खडूने आकडे टाकले आणि त्याच रात्री वळिवाने ते धुऊन नेले. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा २७ क्रमांकाचा सोनमोहर २९ झाला आणि यादी एक, नकाशा दुसरा अशी फाईल आत गेली. ऑइल पेंट वापरा किंवा पत्र्याचा बिल्ला सुतळीने बांधा. खिळा ठोकू नका. पाहणीला आलेला अधिकारी सगळ्यात आधी खिळाच बघतो.

प्रत्येक झाडाची नोंद अशी घ्या:

- स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव. 'जंगली झाड' असे लिहू नका.
- जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, बुंध्याचा घेर सेंटीमीटरमध्ये.
- अंदाजे उंची आणि पानोऱ्याचा, म्हणजे फांद्या-पानांच्या छत्रीचा, विस्तार.
- प्रकृती: वाळलेले, पोखरलेले, झुकलेले की सुदृढ.
- घरटी, मधमाश्यांचे पोळे, ढोली.
- दोन फोटो: एक पूर्ण झाडाचा, एक क्रमांक दिसेल असा बुंध्याचा.

घेर आणि व्यास यांची गल्लत फार होते. टेप गुंडाळून येतो तो घेर. व्यास हवा असेल तर त्याला ३.१४ ने भागा. २२० सेंमी घेराच्या झाडाचा व्यास ७० सेंमी. यादीत 'व्यास २२०' लिहिले की दोन मीटरच्या वर रुंद खोड झाले, आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

*कुठली झाडे सुटतात:* कंपाउंडच्या भिंतीतून उगवलेले उंबर-पिंपळ, पाण्याच्या टाकीमागची, मीटररूमच्या आडोशाची. एका सोसायटीत माझी यादी ४१ ची होती आणि पाहणीत ४३ भरली. भिंतीतला उंबर माझ्या नजरेतून सुटला होता. दुसरा होता मीटररूममागचा शेवगा. त्याच्याबद्दल सचिव काका म्हणाले, "अहो, ते कसलं झाड? आम्ही शेंगा काढतो त्याच्या." त्या दोन झाडांपायी फेरपाहणीची तारीख तीन आठवडे पुढे गेली. दिसेल ते नोंदवा. कोणते झाड परवानगीच्या कक्षेत येत नाही हे पालिकेचा वृक्ष अधिकारी ठरवेल, तुम्ही किंवा सचिव काका नाही.

*हद्दीबाहेरची दोन प्रकारची झाडेही घ्या:* शेजाऱ्याच्या आवारातली, पण ज्यांची मुळे तुमच्या खोदाईत येणार आहेत ती. आणि फुटपाथवरची, जी तुमच्या नव्या फाटकाच्या तोंडाशी आहेत ती. दुसरा प्रकार वास्तुविशारद हमखास विसरतात, कारण ते झाड 'प्लॉटमध्ये नाही'. ते पालिकेचे झाड आहे. बहुतेक वेळा झाड काढण्यापेक्षा फाटक चार मीटर सरकवणे सोपे असते. मात्र ते कागदावर सोपे असते, काँक्रीट पडल्यावर नाही.

२. वय ठरवा, कारण पुढचा हिशेब वयावर चालतो

२०२१ च्या दुरुस्तीतला हा सगळ्यात महत्त्वाचा बदल आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. आता एका झाडाच्या बदल्यात ठरावीक दोन-तीन रोपे लावून भागत नाही. तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी रोपे लावायची. ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचे जिओ-टॅगिंग करायचे (म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवायचे) आणि सात वर्षे ती जगवायची.

१,८०० चौरस मीटरच्या प्लॉटवर आठ झाडे तोडायची आहेत असे समजा. वये १२, १५, १८, २०, २२, ३०, ३८ आणि ४२. बेरीज १९७. म्हणजे १९७ रोपे. तीन-तीन मीटरच्या अंतराने एका रोपाला ९ चौरस मीटर जागा धरली तर १,७७३ चौरस मीटर लागतात. अख्खा प्लॉट रोपांनी भरला, इमारतीला जागाच उरली नाही! हा हिशेब आदेश हातात पडल्यावर करणारी मंडळी मग 'कुठे तरी टेकडीवर लावू' म्हणत जागा शोधत फिरतात. तो आजच करा.

घेर मोठा म्हणून वय मोठे असे समजू नका. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर झपाट्याने वाढतात. चिंच, बकुळ सावकाश वाढतात. वयाला आधार द्या: जुन्या इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला, सोसायटीचे पहिल्या वर्षांचे फोटो, बागेच्या खर्चाची जुनी पावती. बांधकाम १९८२ चे असेल आणि झाड त्यानंतर आखलेल्या बागेत असेल, तर वयाची वरची मर्यादा आपोआप मिळते.

*इथे थांबा आणि तपासा:* ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड कायद्याने हेरिटेज वृक्ष ठरते. त्याची छाननी वेगळी आणि कडक असते. आज पुनर्विकासाला निघालेल्या कितीतरी सोसायट्या १९७० च्या दशकातल्या आहेत. सभासदांनी वास्तुशांतीच्या वर्षी लावलेला आंबा नेमका आत्ता पन्नाशी ओलांडतो आहे. असे झाड यादीत असेल तर ते वाचवूनच आराखडा काढायला सांगा. वय ४८ दाखवून निसटायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हरकत घेणाऱ्या शेजाऱ्याकडे त्या झाडाखालचा बारशाचा फोटो असतो, मागे तारीख लिहिलेला.

मोठ्या प्रकल्पासाठी आणखी एक आकडा लक्षात ठेवा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पाच वर्षांवरील २०० किंवा अधिक झाडे जात असतील तर प्रकरण राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जात असे. ही तरतूद नंतर बदलली आहे, म्हणून आज निर्णय कोणाकडे आहे हे आधी पालिकेत विचारून घ्या. आकडा लहान दाखवण्यासाठी एकाच प्रकल्पाचे तुकडे करून वेगवेगळे अर्ज टाकण्याची युक्ती हरकतींच्या सुनावणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते.

३. तीन रकाने: राहणारी, हलवायची, तोडायची

आता झाडांचा नकाशा वास्तुविशारदासमोर ठेवा आणि इमारत, तळघर, अग्निशमन गाडीचा रस्ता, पाण्याच्या टाक्या, ड्रेनेज हे सगळे त्याच कागदावर आखायला लावा. बहुतेक झाडे इमारतीखाली जात नाहीत. ती तळघराच्या उतारात, भूमिगत टाकीत आणि अग्निशमनाच्या सहा मीटरच्या रस्त्यात जातात. टाकी सरकू शकते. कोपऱ्यातल्या दोन गाड्यांची जागा सोडून दिली की तीन झाडे वाचल्याचेही मी पाहिले आहे. बिल्डर आधी नाक मुरडतो, मग १९७ रोपांचा हिशेब दाखवला की ऐकतो.

प्रत्येक 'तोडायच्या' झाडापुढे त्याचे स्वतःचे कारण लिहा. 'बांधकामास अडथळा' हे एकच वाक्य सगळ्यांपुढे छापू नका. 'क्र. १४: तळघराच्या उत्तर भिंतीपासून ०.८ मी., खोदाईत मुळे तुटतील' असे लिहा. पाहणी अधिकाऱ्याला झाडाजवळ उभे राहून ते पडताळता आले पाहिजे.

'राहणारी' म्हणून दाखवलेली झाडे खरोखर राहतील का, हेही बघा. पानोऱ्याच्या घेराखाली खोदाई येत असेल तर ते झाड फक्त कागदावर राहणार.

४. कागदपत्रे

यात फार वेळ घालवायला नको, पण अपुरी असली की फाईल टेबलावर पडून राहते. प्रत्येक पालिकेची यादी थोडी वेगळी असते. साधारणपणे हे लागते:

- मालकीचा पुरावा: मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा, सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव.
- अर्ज विकसक करत असेल तर विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र.
- झाडांची स्थाने, क्रमांक आणि नियोजित बांधकाम दाखवणारा नकाशा. तीन रंग वापरा.
- झाडांची यादी आणि फोटो.
- बांधकामाच्या प्रस्तावाचा नकाशा.
- भरपाई लागवडीचा आराखडा, जागेसह.

*जुळवून बघा:* बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल तर पर्यावरण मंजुरीचा अर्जही असतो. तिथे दिलेली झाडांची संख्या आणि इथली संख्या एकच हवी. दोन सल्लागार दोन आकडे देतात आणि माहिती अधिकारात दोन्ही कागद एकाच माणसाच्या हातात पडतात.

५. अर्ज आणि पाहणी

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात उद्यान विभागात जातो. पोच घ्या. ऑनलाइन असेल तर टोकन क्रमांकाचा प्रिंट काढून ठेवा. कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे, पण '६० दिवस झाले, उत्तर नाही, म्हणजे परवानगी मिळाली' असे धरून करवत लावू नका. लेखी स्मरणपत्र द्या, वकिलाला विचारा.

पाहणीच्या दिवशी नकाशा काढणारा माणूस स्वतः हजर हवा. वॉचमनच्या हातात फाईल देऊन चालत नाही. पावसाने वाढलेले गवत आदल्या दिवशी काढा, पण फांद्यांना हात लावू नका. 'जरा स्वच्छ दिसावं' म्हणून छाटणी करणाऱ्यांनी अर्जाच्या आधीच गुन्हा ओढवून घेतला आहे. छाटणीलाही परवानगी लागते.

६. जाहीर नोटीस आणि हरकती

वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि प्रत्येक झाडावर नोटीस लागते. झाडावरची नोटीस हा उपचार नाही. ती लावल्याचा तारखेसह फोटो तुम्हीही काढून ठेवा, कारण रात्रीत कोणी फाडली तर नंतर 'नोटीस लागलीच नव्हती' हा मुद्दा निघतो.

हरकत आली म्हणजे शत्रू आला असे समजू नका. हरकती बहुधा तीन-चार झाडांवरच असतात आणि त्यातल्या एक-दोन बरोबर असतात. सुनावणीत झाडाच्या क्रमांकाने बोला. "साहेब, क्र. ९ चे आम्ही पुनर्रोपण करायला तयार आहोत, क्र. १४ चे कारण असे आहे." 'आम्ही तीनशे कुटुंबांचं भलं करतोय' या भाषणाने एकही झाड रकाना बदलत नाही.

७. आदेश वाचणे

परवानगी मिळाल्या दिवशीच झाडे पाडता येत नाहीत. कायद्यानुसार त्यानंतर १५ दिवस थांबायचे असते. ठेकेदाराला हे लेखी कळवा, कारण त्याला फक्त 'परमिशन आली' एवढेच ऐकू येते.

आदेशात हे शोधा आणि पेनाने गोल करा: कोणते क्रमांक मंजूर, कोणते नामंजूर, किती हलवायची, किती रोपे, कुठे, किती मुदतीत, अनामत रक्कम किती, परवानगी केव्हापर्यंत वैध. क्रमांकांत चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. 'त्यांना म्हणायचं होतं ते कळतंय ना' असे म्हणून नामंजूर क्रमांकाचे झाड पाडलेत, तर ते बेकायदा तोडलेले झाड.

८. आधी पुनर्रोपण, मग तोड

हा क्रम उलटा झाला की हलवायची झाडे तोडलेल्या फांद्यांखाली मोडतात. आणि पुनर्रोपण म्हणजे क्रेनने उचलून दुसरीकडे रोवणे नव्हे. वड, पिंपळ, उंबर आणि ताड-माड वर्गातली झाडे चांगली तगतात. मोठा साग किंवा जुना आंबा क्वचितच तगतो. न जगणारे झाड 'पुनर्रोपण' रकान्यात घालून संख्या छान दाखवण्यापेक्षा त्याची तोड मान्य करून रोपांची जबाबदारी घेणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

मुळांचा गड्डा खोडाच्या व्यासाच्या साधारण दहापट रुंद हवा. ९५ सेंमी घेराच्या झाडाचा व्यास सुमारे ३० सेंमी, म्हणजे तीन मीटरचा गड्डा. एक मीटर खोल धरला तर नुसत्या मातीचे वजन दहा टनांच्या वर जाते. तुमच्या गल्लीत तेवढी क्रेन वळते का, ते आधी बघा. चर एकदम खणू नका. अर्धा घेर आधी, उरलेला काही आठवड्यांनी, म्हणजे मधल्या काळात बारीक मुळे फुटतात. कापलेली मुळे ओल्या गोणपाटाने झाका. नवा खड्डा झाड उचलण्याआधी तयार हवा. पावसाळ्याची सुरुवात उत्तम, एप्रिल-मे टाळा.

९. तोडण्याचा दिवस

आदेशाची प्रत फाटकावर लावा आणि एक मुकादमाच्या खिशात ठेवा. लोक पोलिसांना फोन करणारच. महावितरणकडून तारेचा पुरवठा बंद करून घ्या. झाड शेंड्याकडून खाली, फांदी दोराने बांधून उतरवत तोडायचे, जेसीबीने ढकलायचे नाही. मंजूर झाडांवर आदल्या दिवशी लाल पट्टा आणि राहणाऱ्यांवर पांढरा. राहणाऱ्या झाडांभोवती पानोऱ्याइतक्या घेरात पत्रे लावा. त्या पत्र्यांच्या आत खडी, सिमेंट, मिक्सरचे धुवण नको.

*सकाळी सातला पुन्हा वर बघा.* पाहणी मार्चमध्ये झाली आणि तोड जूनमध्ये असेल तर मधल्या काळात बगळ्यांनी घरटी केलेली असतात. अंडी किंवा पिल्ले दिसली तर त्या झाडाचे काम थांबवा आणि वन विभागाला कळवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ तुमच्या पालिकेच्या परवानगीने बाजूला पडत नाही.

लाकूड लगेच ट्रकमध्ये चढवू नका. ते कोणाचे हे आदेशात बघा, आणि साग-खैरासारख्या लाकडाला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो का याची खात्री करा. प्रत्येक बुंध्याचा क्रमांकासह फोटो काढा, तोडण्याआधी आणि नंतर.

१०. रोपे, अनामत आणि भोगवटा प्रमाणपत्र

भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे नवी इमारत वापरायला पालिका देते त्या दाखल्याच्या, वेळी झाडांची फाईल पुन्हा उघडते, साधारण तीन-चार वर्षांनी. तोवर साइट इंजिनीअर बदललेला असतो आणि १९७ रोपांपैकी किती उरली हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून लागवडीच्या दिवसापासून एक साधी वही ठेवा: रोपाचा क्रमांक, कोणत्या तोडलेल्या झाडाच्या बदल्यात, जात, जागेचे अक्षांश-रेखांश, लावल्याची तारीख, दर सहा महिन्यांनी फोटो. मेलेले रोप त्याच पावसाळ्यात बदला आणि बदलल्याचे लिहा.

तळघराच्या स्लॅबवर दीड फूट माती टाकून तिथे वड-कडुनिंब लावल्याचे दाखवू नका. ती रोपे तिसऱ्या उन्हाळ्यात जातात. स्लॅबवर झुडपे ठीक, झाडांसाठी खरी जमीन हवी आणि प्रत्येक बुंध्याभोवती किमान एक मीटर मोकळी माती. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवणारे ठेकेदार सगळीकडे आहेत. त्यांच्या कामाच्या आदेशातच हे अंतर लिहा.

सात वर्षे रोपे जगवायची म्हणजे ताबा दिल्यानंतरही काही वर्षे जबाबदारी उरते. ती विकसकाची की नव्या सोसायटीची, हे करारनाम्यात लिहून घ्या. टँकरचे बिल आणि माळ्याचा पगार कोण देणार हेही त्यातच लिहा. ताबा घेताना सोसायटीने किल्ल्यांबरोबर ती वही, मूळ आदेश आणि अनामत भरल्याची पावती मागून घ्यावी. अनामत परत मिळवायला हे तिन्ही कागद लागतात.